चिठ्ठीवर अठ्ठावीस

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला नावानं कुणी ओळखत नाही. आमचे हे बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करतात, म्हणजे रॅकेटची जाळी भरून देतात, आणि ज्याला जेवढे पौंड ताण लागतो तेच त्याचं नाव. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणजे बावीस. बँकेतल्या बाई एकवीस, पण साहेबाशी वाजलं की तेवीस मागतात. "अगं, चोवीस येऊन गेला का?" असं हे विचारतात आणि मी सांगते, "गेला, पण सव्वीसची रॅकेट घेऊन गेला." नवीन माणसाला वाटतं आम्ही रद्दीचं दुकान चालवतो.

ही गोष्ट अठ्ठावीसची. तुम्ही तिला टीव्हीवर पाहिलं असेलच, मागे झेंडा आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि खांद्याला लावलेली रॅकेट तिच्या गुडघ्यावर आपटत होती. "किती भरू?" यांनी विचारलं. "दादाला असतं तेवढं," म्हणाली. यांनी हो म्हटलं आणि अठरा भरून दिलं. पुढे ती वीस झाली, मग चोवीस. लोक पोरांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात, हिची आम्ही पौंडांत मोजली. सोळाव्या वर्षी तिच्या कोचनं फर्मान काढलं, आता अठ्ठावीस, आणि तेच कायमचं झालं.

दुकान म्हणजे क्रीडासंकुलाच्या मागच्या फाटकासमोरचा दहा फुटी गाळा. खिडकीशी मशीन, छतापर्यंत शटलचे डबे, काउंटरला मी. मी रॅकेटच्या मुठींवर ग्रिपा गुंडाळते, मोजे विकते आणि दोघांच्या वाट्याचं बोलते. हे दिवसाला वीस शब्द बोलत असतील, त्यातले अठरा आकडे. पण काम असं की बघत राहावं. मशीनवर आकडा लावायचा, एकेक धागा ताणायचा, चिमट्यात धरायचा, आधी उभे, मग आडवे, एक वर एक खाली. शेवटची गाठ मारली की तळहातावर जाळी आपटून कान लावून ऐकायचं. मग दांड्याच्या टोकाला एवढीशी चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर तारीख आणि पौंड. तीस वर्षांत त्या चिठ्ठीला कुणी खोटं म्हणालेलं नाही. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

मोठी स्पर्धा होती, परदेशात. तिथे गटिंगवाले असतात, तरी ही इथूनच सहा रॅकेट भरून न्यायची. "काकांच्या हातचं," म्हणायची. फायनल आमच्याकडे दुपारी साडेतीनला लागली. अर्धं शटर खाली ओढून मी काउंटरवर टीव्ही ठेवला आणि गाळ्यात चौदा माणसं कोंबली. डॉक्टरही पेशंट बसवून आले होते. तिसरा गेम, वीस-सतरा. एक पॉइंट हवा होता फक्त, एक. मी तर डब्यांमागे लपवलेली मिठाई हातात घेऊन उभी होते. मग वीस-अठरा. वीस-एकोणीस. वीस-वीस. वीस-एकवीस. आणि मग हिनं मागे उचललेलं शटल रेषेच्या पलीकडे पडलं, जेमतेम दोन बोटं. संपलं. मी टीव्हीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर गुपचूप शटरखालून वाकून गेले. हे उठले, मशीनपाशी गेले, त्याच्या आकड्याच्या चकतीवर बोट ठेवलं आणि भाजल्यासारखं काढून घेतलं. मला वाटलं, वाईट वाटलंय.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळच्या पेपरात होतं की पराभव नव्हे, अन्याय. दुपारच्या चॅनलवर चार तज्ज्ञ बसले, त्यातल्या एकानं आयुष्यात फक्त कॅरम खेळला असावा असं माझं मत आहे. एक म्हणाला, हॉलच्या एसीचा झोत आपल्या बाजूला होता. दुसरा म्हणाला, सर्व्हिस बघणारा पंच आधीपासून आपल्यावर डूख धरून आहे. तिसऱ्यानं विमान काढलं, अकरा तास बसून पाय आखडले. चौथ्याला कुठूनसं कळलं होतं की हॉटेलातली गादी फार मऊ होती. संध्याकाळपर्यंत जर्सीचा रंग, शटलची पिसं आणि मानसोपचारतज्ज्ञ सोबत न नेणारी संघटना, सगळे आरोपी झाले. आणि शेवटी सूत्रसंचालक गळा दाटून म्हणाला की हरूनही तिनं मनं जिंकली. मी मान डोलावत होते. खोटं कशाला बोलू, मला सगळं पटत होतं. गादीसुद्धा.

माझी नणंद फोनवर रोज नवीन शोध लावत होती. "वहिनी, एसी मुद्दाम सोडला होता, माझ्या ऑफिसात सगळे म्हणतात," ती म्हणाली. मी यांना सांगितलं. हे ताटावर बसले होते, घास तसाच हातात. म्हणाले, "गेम संपला की बाजू बदलतात."

"म्हणून काय झालं?"

"झोत दोघींना लागतो."

मी तणतणले. म्हटलं, तुम्हाला देशाचं काही पडलेलं नाही. त्यांनी तो घास ताटात ठेवला, उठले आणि हात धुवून खाली दुकानात गेले. पहिल्यांदाच पानावरून उठलेला माणूस. मी वरून ऐकत होते. खालून त्या शेवटच्या रॅलीचा आवाज येत होता, मोबाइलवर लावलेला. टक, टक, टक, मग लोकांचा ओरडा. परत टक, टक. आठ वेळा मोजलं मी.

पुढचे तीन दिवस घरात भूत वावरल्यासारखं झालं. बसले की उठायचे, उठले की जिन्यापर्यंत जाऊन परत यायचे. चहा गार व्हायचा. एका पोराची रॅकेट भरायला घेतली आणि अर्ध्यात धागे कापून टाकले, पुन्हा भरली, पुन्हा कापली. त्या पोराची मॅच होती, तो काउंटरशी चुळबुळत उभा, आणि हे त्याच्याकडे न बघता म्हणतात, "बावीस म्हणजे बावीसच हवं ना तुला? नक्की?" पोरगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं यांची साखर वाढली. डॉक्टरांना बोलावून तपासून घेतलं. साखर व्यवस्थित होती.

चौथ्या दिवशी मी शटर ओढलं, मशीनसमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, "आता बोला. नाही बोललात तर मी तुमच्या बहिणीला इथे राहायला बोलावते."

ते बोलले. पहिल्यांदा मशीनकडे बघून, मग जमिनीकडे बघून.

"तिला मी सत्तावीस देतो."

"काय देता?"

"चिठ्ठीवर अठ्ठावीस लिहितो. मशीनवर सत्तावीस लावतो. सात वर्षं."

माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, आणि मला तो दिवस आठवला. सोळा वर्षांची ती कोचची चिठ्ठी घेऊन आली होती. हे म्हणाले, खांदा दुखतो का गं? नाही म्हणाली. पण बॅग उचलताना डावा हात पुढे केला. यांचा स्वतःचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. विशीत क्लबात दुसऱ्यांना सराव द्यायचे, ताठ गटिंगनं दिवसभर मारायचे, त्याचं हे बक्षीस. जाळी जितकी ताठ तितका हाताला हिसका जास्त. म्हणून यांनी त्या दिवशी एक पौंड कमी लावला आणि चिठ्ठीवर कोचचा आकडा लिहिला. पुढच्या वेळी सांगू म्हणाले. पुढची वेळ सात वर्षं आली नाही.

"बरं मग? तिचा खांदा वाचला ना," मी म्हटलं.

"सैल जाळीतून शटल लांब जातं." त्यांनी दोन बोटं वर केली. "एवढं."

तरी तोंड माझं, ते कसं गप्प बसणार. म्हटलं, याच रॅकेटनं ती जिंकत आली, तेव्हा कुठे होता तुमचा पौंड? ते म्हणाले, "जिंकली तेव्हा कुणी मोजलं? मी तिला सांगायला हवं होतं. तिच्या हातात काय आहे ते तिला माहीत नव्हतं आणि मला होतं."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी लग्नाच्या वेळीही ऐकलं नव्हतं. सगळा देश गादीपासून पंचापर्यंत कारणं शोधत होता, आणि खरं कारण आमच्या खिडकीशी कव्हर घालून बसलं होतं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी तिची मॅच हरवली होती. ते खरं असेल तर या माणसाचा हात पुन्हा मशीनला लागणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तिला कळलं तर ती पुन्हा या दारात येणार नाही.

"कुणाला बोलायचं नाही," मी म्हटलं. "मिठाची गुळणी धरून बसा. आपोआप विसरतील सगळे."

पण यांना चैन कुठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला उठवलं. दोन सारख्या रॅकेट भरून ठेवल्या होत्या, एक सत्तावीस, एक अठ्ठावीस. संकुलाच्या वॉचमनला पटवून हॉल उघडून घेतला होता. म्हणाले, "चल. तू मार, मी खुणा करतो."

"मी? माझं वय काय, गुडघे काय."

"माझा हात वर जात नाही."

मग काय, चपला काढल्या आणि कोर्टावर उभी राहिले. हे खालून हातानं शटल टाकायचे, मी जीव खाऊन मागे मारायची, आणि हे शटल पडेल तिथे खडूनं खूण करायचे. सत्तावीसची पांढरी, अठ्ठावीसची निळी. पंचवीस मारली, पन्नास मारली. एक दिव्याला अडकलं. एक वॉचमनच्या चहात पडलं, त्या माणसानं शांतपणे काढून झटकून परत दिलं. घामानं मी निथळले. शेवटी हे गुडघ्यांवर बसून टेपनं मोजायला लागले. पांढऱ्या खुणा निळ्यांच्या पुढे, निळ्या पांढऱ्यांच्या पुढे, सगळी रांगोळी झालेली. लांबात लांब गेलेलं निळं होतं. ते बघून मला हायसं वाटलं. म्हटलं, बघा, ताठ जाळीचं लांब गेलं.

"तुला मारता येत नाही," ते म्हणाले, आणि ओल्या फडक्यानं सगळ्या खुणा पुसत बसले. वॉचमन मला विचारत होता, बाई, काका बरे आहेत ना. मी सांगितलं, नवीन धंद्याचा विचार चाललाय.

दुपारी टीव्हीवाला आला. बरोबर कॅमेरा आणि ओठांवर तो गोड आवाज. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तिच्या रॅकेट इथे होतात. म्हणाला, "आजोबा, प्रेक्षकांना खरं काय ते कळलं पाहिजे. रॅकेटमध्ये काही गडबड? धागा खराब? कंपनीनं नकली माल पाठवला? काहीही सांगा, आपण मुलीच्या बाजूनं आहोत." आजोबा ऐकून एरवी मी त्याला तिथेच सोलला असता. पण माझं लक्ष यांच्याकडे. यांनी ओठ पुसले. एक पाऊल पुढे टाकलं. म्हणाले, "गडबड होती."

हाताशी शटलच्या डब्यांची रास होती, ती मी कोपरानं ढकलली. चाळीस डबे कॅमेऱ्यावर, त्याच्या डोक्यावर, रस्त्यापर्यंत गडगडत गेले. मग मी तोंडाचा पट्टा सोडला. माल तुडवता, दुकानात शिरता, म्हाताऱ्या माणसाला बोलायला लावता. तो कपाळ चोळत म्हणाला, "काय गडबड होती ते तरी..." मी म्हटलं, "दुकानात गडबड आहे, दिसत नाही का?" आणि शटर खाली ओढलं.

आत अंधारात हे डब्यांमध्ये उभे. आवाज चढवणारा माणूस नाही तो. पण त्या दिवशी चढला.

"बोलू का दिलं नाहीस? लोक तिला घाबरट म्हणतायत. ऐन वेळी हातपाय गाळते म्हणतायत. मी बोललो असतो तर तिचं ओझं उतरलं असतं."

"आणि तुमच्यावर चढलं असतं. दगड मारतील लोक."

"मारू देत."

"आणि मी? मी कुठे उभी राहू?"

मला रडू आलं, रागाचंच, पण आलं. आम्ही दोघं खाली बसून डबे गोळा करत राहिलो, एकमेकांकडे न बघता. संध्याकाळी त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापला, जाड पेननं लिहिलं, गटिंग बंद, आणि काचेला लावला. तीस वर्षांत ताप अंगात असताना न लागलेली पाटी ती. बँकेतल्या बाई येऊन वाचून गेल्या. त्यांचं त्या दिवशी नक्की तेवीसचं काम असणार.

पाटी चार दिवस राहिली. मी ग्रिपा गुंडाळायची, त्या खोलायची, पुन्हा गुंडाळायची. मलाही हात रिकामे ठेवता येईनात. मोबाइलवर चॅनलवाले आता शटल तपासायला प्रयोगशाळेत पाठवा म्हणत होते.

दहाव्या दिवशी दुपारी, दुकान सुनसान असताना, अर्ध्या शटरखालून आधी एक बॅग आत आली आणि मागून ती. टोपी डोळ्यांवर ओढलेली. टीव्हीवर दिसते त्यापेक्षा बारीक. "काकू, पाणी आहे?" म्हणाली आणि शटलच्या खोक्यावर बसली, अकरा वर्षांची असताना बसायची तशी. मी पाणी दिलं. घसा खाकरून तयारी केली, कारण एवढ्या दिवसांचं माझ्याकडे साठलं होतं. म्हटलं, "अगं, तो एसीचा झोत..." तिनं ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटून घेतले. मी गप्प बसले. का ते मलाही सांगता आलं नसतं.

तिनं बाहेरून वाचलेल्या काचेवरच्या पाटीकडे बोट केलं. "हे काय, काका?"

हे उठून उभे राहिले. शाळेत मास्तरांपुढे राहावं तसे, हात मागे. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, पायानं ढोसलं, काही उपयोग झाला नाही.

"तुझ्या रॅकेट अठ्ठावीसच्या नव्हत्या," ते म्हणाले. "सत्तावीसच्या होत्या. सगळ्या. सोळाव्या वर्षापासून. मी चिठ्ठीवर खोटं लिहिलं. तुझा खांदा... ते जाऊ दे. शेवटचं शटल माझ्यामुळे बाहेर गेलं. तू हवं तिथे सांग. माझं नाव घेऊन सांग."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. किंवा ओरडेल, तिला हक्क होता. ती म्हणाली, अगदी हळू, "काका, तुम्ही पण?"

यांना कळलं नाही. मलाही नाही.

"मला माहीत आहे सत्तावीस आहे ते," ती म्हणाली. "सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा बाहेर खेळायला गेले होते. तिथे जाळी तुटली. तिथल्या माणसाला अठ्ठावीस सांगितलं, त्यानं दिलं. नुसती फळी. सगळी शटलं नेटमध्ये. मी त्याच्याशी भांडले, तू चुकीचं भरलंस म्हणून. त्यानं मशीनवर दाखवलं, बरोबर अठ्ठावीस. मग त्याच्या ताण मोजायच्या यंत्राला तुमची रॅकेट लावून बघितली आणि सत्तावीस निघालं. तेव्हापासून बाहेर कुठेही गेले की मी सत्तावीस सांगते. अठ्ठावीस फक्त तुम्हाला सांगते."

"मला का?" यांनी विचारलं.

"तुम्हाला सत्तावीस सांगितलं असतं तर तुम्ही सव्वीस दिलं असतं."

मला हसू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. पण ती हसत नव्हती.

"आणि चिठ्ठी बघून कोच सर खूश राहायचे. माझा खांदा त्या एका पौंडानं टिकला, काका, मला ते माहीत आहे. रॅकेट मला हवी तशीच होती. काहीही चुकलेलं नव्हतं." तिनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिची कड चिमटीत फिरवत राहिली. "वीस-सतरा झालं ना, तेव्हा मी माइकवर काय बोलायचं ते मनात जुळवायला लागले. आधी कुणाचे आभार मानायचे. तुमचं दुकान येणार होतं त्यात. तेवढ्यात समोरचीनं दोन पॉइंट घेतले, आणि मग मी घाबरले. ती घाबरली नाही. ती चांगली खेळली, मी हरले. एवढंच झालं. तिथे पत्रकारांना मी हेच सांगितलं. माइक समोर धरून सांगितलं. त्यांनी नेमकं तेवढं कापलं आणि एसीचा झोतच दाखवत राहिले."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग ती म्हणाली, "दहा दिवस मला कुणी हरूच देत नाहीये. आई म्हणते गादी. सर म्हणतात पंच. एअरपोर्टवर लोकांनी हार घातले, जिंकल्यासारखे. कुणापुढे मान खाली घालायची सोय नाही. मला वाटलं, काका तरी काही म्हणणार नाहीत. काका फक्त विचारतील, किती."

हे स्टुलावर बसले. एवढे दिवस ज्या पापाखाली वाकले होते ते पाप नव्हतंच, आणि त्याच्या जागी हे दुसरं समोर आलं होतं, की त्यांनीही तिला सबबच दिली, जी सगळे देत होते. आणि मी? मी तर चौदा माणसांना गादी समजावून सांगितली होती. मला माझीच लाज वाटली, आणि ती वाटण्याची मला फारशी सवय नाही.

थोड्या वेळानं हे उठले. काचेवरची पाटी काढली, दुमडून डब्यांमागे सारली. मशीनवरचं कव्हर ओढलं. हात पुढे केला. तिनं बॅगेतून जाळी कापलेली रॅकेट काढून दिली.

"किती?" यांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

यांनी चकती फिरवली. मी बघितलं, तिनंही मान वाकवून बघितलं. सत्तावीस. पहिला उभा धागा ताणला गेला आणि मशीनची ती ओळखीची कुरकुर दुकानात सुरू झाली. माझ्या कानांना ती किती बरी वाटली, सांगू नाही शकत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हाताला ग्रिपचा चिकटा होता म्हणून मी बोटाच्या टोकानं दाबला आणि तो स्पीकरवर गेला. नणंदबाई. कोपऱ्या-कोपऱ्यात घुमेल असा आवाज. "वहिनी, आता खरं बाहेर आलंय. शटलंच वजनाला जड होती, सगळा कट होता. तू तर तिला ओळखतेस, खरं काय झालं ते सांग बघू. का हरली ती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती टोपीची कड धरून माझ्याकडे बघत होती. हे धाग्याला हात लावून थांबले होते.

"समोरची चांगली खेळली," मी म्हटलं. "ही हरली."

पलीकडून आलं, "एवढंच?"

"एवढंच."

"तुला झालंय काय," म्हणून तिनं फोन ठेवला. पुढे आठ दिवस केला नाही, तोही एक फायदाच.

मी वळले तर अठ्ठावीस रडत होती. आवाज नव्हता आधी, मग आला. एअरपोर्टवर, टीव्हीवर, त्या हारांमध्ये तिचे डोळे कोरडे होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आता टोपीत तोंड खुपसून ती हरलेल्या माणसासारखी रडली, खांदे हलेपर्यंत. माझ्या जिभेवर सवयीनं आलं होतं की रडू नकोस, पुढच्या वेळी बघ. मी ते गिळलं. खोक्यावर तिच्या शेजारी जागा होती, तिथे जाऊन बसले. हे मान वर न करता आडवे धागे भरत राहिले, एक वर, एक खाली.

रॅकेट झाली तेव्हा तिचं रडून झालं होतं. यांनी गाठ कापली आणि आज पहिल्यांदा स्वतः आपटून न बघता रॅकेट तिच्या हातात दिली. तिनं जाळी तळहातावर आपटली, कान लावला. "बरोबर आहे," म्हणाली. यांनी चिठ्ठी फाडली, तारीख घातली, पेन क्षणभर थांबवलं आणि अठ्ठावीस लिहिलं. उरलेल्या पाचही ठेवून गेली, सोमवारी न्यायला येते म्हणाली.